मतभेद ठेवा, पण बोलणे तोडू नका

(यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावकरी मंडळींपुढे दिलेले व्याख्यान)



काल आपल्या गावचा पोळा झाला. तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या, झडत्या झाल्या. या बाजूच्याने त्या बाजूच्यास टोमणा दिला, त्याने तो व्याजासह परत केला, आणि सारे गाव हसले. झडतीतला टोमणा मनात धरून कोणी घरी नेत नाही. तोरण तुटले की तो वाद तेथेच संपतो. निवडणुकीचे मात्र तसे होत नाही. गुलाल धुतला जातो, मांडव उतरतो, कर्णा बंद होतो. पण दोन घरांमध्ये बंद झालेले बोलणे पाच पाच वर्षे बंदच राहते.

याचा हिशेब कोणी मांडला आहे काय? आज तो आम्ही थोडासा मांडतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन भाऊ दोन पॅनलांत गेले की सामाईक विहिरीवरील मोटारीची पाळी मोडते, आणि ऐन बोंडे भरण्याच्या वेळी दोघांचीही पऱ्हाटी सुकते. इरजिक बंद पडते. जे काम दहा घरांच्या बैलांनी एका दिवसात उरकावयाचे, त्यास मजुरी मोजावी लागते. कारागिराचे तर दोन्हीकडून मरण. सुतार एका गटाच्या सभेत बसला म्हणून दुसऱ्या गटाचे लोक त्याच्याकडे वखर-डवरा दुरुस्तीस नेत नाहीत. न्हाव्याने कोणाच्या मिरवणुकीत पाऊल टाकले याची चौकशी होऊन मग दाढीचे गिऱ्हाईक ठरते. भाचीच्या लग्नास मामा येत नाही, कारण मामाचा पक्ष निराळा. आणि ज्या पुढाऱ्यांच्या नावाने ही घरे फुटली, ते पुढारी चार महिन्यांनी एकाच व्यासपीठावर एकमेकांस हार घालताना आपण पाहतो. त्यांचे जुळले, आपले तुटलेलेच राहिले. या व्यवहारात तोटा कोणाच्या पदरी पडला, हे सांगावयास शाळामास्तर कशाला पाहिजे?

आम्ही कोणत्या पक्षाचे, हे येथे सांगणार नाही; कोणास मत द्या, हेही सांगणार नाही. तो आमच्या नोकरीचा नियम आहे, आणि आजचा विषयही तो नव्हे. ज्याचे मत आपल्याहून उलट आहे त्याच्याशी राजकारणावर कसे बोलावे, एवढाच आजचा विषय आहे.

काही सज्जन म्हणतात, "गुरुजी, यावर उपाय सोपा आहे. राजकारण बोलूच नये. पारावर शेतीचे बोलावे, भजनाचे बोलावे, घरी जावे." हा उपाय आम्हांस मान्य नाही. कापसाचा हमीभाव ठरतो तो राजकारणात. शाळेत पाच वर्गांस दोन शिक्षक की तीन, हे ठरते राजकारणात. पीकविम्याचे पैसे, रोहयोची मजुरी, नळाचे पाणी, विजेची वेळ, सारे तेथेच ठरते. शेतकऱ्याने राजकारण बोलू नये म्हणणे म्हणजे त्याने आपल्या घासाविषयी बोलू नये म्हणण्यासारखे आहे. आपल्या पूर्वजांस पिढ्यान्पिढ्या हेच सांगितले गेले होते की, तुम्ही राबा, बोलण्याचे काम दुसऱ्यांचे. ते कुलूप ज्यांनी तोडले त्यांच्या कष्टांवर आज आपण बोलतो आहोत. मिळालेली वाचा भांडणात वाया घालवावयाची नाही, आणि भांडणाच्या भीतीने गिळावयाचीही नाही.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ लिहिला. त्याच वर्षी २४ सप्टेंबर रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला. त्या ग्रंथाची रचना कशी आहे पाहा. तो धोंडीबा आणि जोतीराव या दोघांच्या संवादाच्या रूपाने लिहिला आहे. धोंडीबा शंका काढतो, जोतीराव उत्तर देतात, धोंडीबा पुन्हा विचारतो. ज्यांस एवढी ठाम मते होती त्यांनीही शंका घेणाऱ्यास आपल्या ग्रंथात शेजारी बसविले. दहा वर्षे उत्तरे पाठ केलेल्या माणसासही प्रश्न विचारणारा लागतो, हे त्यांनी ओळखले होते.

विरोधकाशी वागण्याचा त्यांचा एक दाखला सांगतो. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात बाळ गंगाधर टिळक व गोपाळ गणेश आगरकर यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला. जामीन पाहिजे होता दहा हजार रुपयांचा. त्या काळी ही रक्कम केवढी, याचा विचार करा. तो जामीन जोतीरावांच्या शब्दाखातर सत्यशोधक मंडळींपैकी रामशेठ उरवणे यांनी दिला. पुढे हे दोघे डोंगरीच्या तुरुंगातून सुटले तेव्हा सत्यशोधक मंडळींनी त्यांचा सत्कार केला. म्हणून जोतीरावांनी आपली मते सोडली काय? मुळीच नाही. पुढील वर्षी त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला, आणि त्यात जे सांगावयाचे ते तिखट शब्दांतच सांगितले. वाद मताशी होता. अडचणीत सापडलेल्या माणसास मदत करण्याच्या आड तो आला नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. लोकनायक बापूजी अणे हे वणीचे; जन्म २९ ऑगस्ट १८८०. ते टिळकांचे अनुयायी. ब्राह्मणेतर चळवळीतील लोकांचे टिळकपक्षाशी जमले नाही, हे लपविण्याचे कारण नाही. पण ज्या गोष्टीचे व्याख्यान आम्ही देत आहोत ती अणे यांच्या चरित्रात स्पष्ट दिसते, म्हणून ती त्यांच्या नावावर मांडलीच पाहिजे. गांधीजींचा असहकाराचा मार्ग त्यांस पुरता पटला नव्हता. जयकर, केळकर, मुंजे यांच्यासह ते प्रतियोगी सहकार पक्षात होते. तरी १९३० साली सत्याग्रह सुरू झाला तेव्हा ते त्यात उतरले. १० जुलै १९३० रोजी पुसद येथे त्यांनी राखीव जंगलातील गवत कापून कायदा मोडला व अटक करून घेतली. १९३३ साली ते काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष होते. पुढच्याच वर्षी जातीय निवाड्याच्या प्रश्नावर काँग्रेसशी न पटल्यामुळे मदनमोहन मालवीय व अणे यांनी निराळा पक्ष काढला. त्या प्रश्नावर त्यांचे म्हणणे तुम्हां-आम्हांस पटेलच असे नाही. आमच्यापैकी पुष्कळांस ते पटणार नाही. १९४१ साली तर ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. आता पाहा. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी पुण्यास आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असता २१ दिवसांचा उपवास मांडला. सरकार त्यांस सोडेना. तेव्हा अणे, होमी मोदी व नलिनीरंजन सरकार या तिघांनी आपल्या जागांचे राजीनामे दिले. ज्यांच्या मार्गाशी वारंवार मतभेद झाला, त्यांच्या जिवाचा प्रश्न आला तेव्हा खुर्ची सोडली.

पुढे मोठा वाद उभा राहिला तो विदर्भाचा. वऱ्हाड-नागपूर वेगळे राज्य व्हावे की सारे मराठी बोलणारे एका राज्यात यावेत? या प्रश्नावर माणसे फार तापली होती. तरी ती बोलावयास बसली. ८ ऑगस्ट १९४७ रोजी अकोल्यास करार झाला: एकच मराठी प्रांत, पण त्यात दोन उपप्रांत व त्यांची निराळी विधिमंडळे, तसे न जमल्यास वेगळा महाविदर्भ. २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला, आणि त्यात वर्षातून एकदा विधिमंडळाचे अधिवेशन नागपुरास भरविण्याचे कलम आले. १९५५ साली फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. १ मे १९६० रोजी मात्र विदर्भासह महाराष्ट्र राज्य झाले. बापूजी अणे विदर्भवादी राहिले व १९६२ साली नागपुरातून लोकसभेत निवडून गेले. आणि आपल्याच पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत त्या संयुक्त महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. एकाच जिल्ह्याच्या काळ्या मातीतून दोन बाजूंची दोन माणसे निघाली, आणि दोघेही आपलेच. नागपूर कराराचे किती पाळले गेले यावर आजही वाद आहे. पण नागपुरास अधिवेशन भरते, तेथे आपला माणूस मोर्चा घेऊन जाऊ शकतो, ही सोय विरोधी मताची माणसे एका बैठकीत बसली म्हणून मिळाली. ती एकमेकांची तोंडे न पाहती तर करारावर सह्या कोणी केल्या असत्या?

याहून मोठा दाखला घटना समितीचा आहे. डॉ. पंजाबराव देशमुख हे आपल्या वऱ्हाडचे, शेतकऱ्याच्या घरचे. १९२७ साली अमरावतीच्या अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या चळवळीत ते व डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका बाजूस होते. घटना समितीत मात्र पंजाबरावांनी मसुद्यातील अनेक गोष्टींस हरकत घेतली, दुरुस्त्या सुचविल्या. त्या मसुद्यावर सर्वांच्या मिळून सुमारे ७,६३५ दुरुस्त्यांच्या सूचना आल्या. त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी समितीपुढे शेवटचे मोठे भाषण केले. त्यात त्यांनी कामत, पंजाबराव देशमुख, के. टी. शहा इत्यादी मंडळींची नावे घेऊन त्यांस बंडखोर म्हटले, आणि त्यांचे आभार मानले. त्यांच्या भाषणाचा आशय असा की, या सदस्यांच्या सूचना आपण स्वीकारू शकलो नाही, पण त्यामुळे त्यांच्या सूचनांची किंमत कमी होत नाही. ते नसते तर घटनेमागील तत्त्वे उलगडून सांगण्याची संधी आपणांस मिळाली नसती. विरोध करणाऱ्याने आपले काम अडविले असे न म्हणता, त्याने आपले म्हणणे नीट सांगावयास भाग पाडले, असे ते म्हणाले. त्याच भाषणात राजकारणातील व्यक्तिपूजेविरुद्ध त्यांनी इशारा दिला. आपल्या पारावर जी भांडणे होतात त्यांपैकी बहुतेक त्या व्यक्तिपूजेपायीच होतात, हे ज्याचे त्याने तपासून पाहावे.

तुम्ही म्हणाल, "ही मोठी माणसे. आम्ही पारावर बसणारे. आम्हांस हे कसे साधावे?" आम्ही म्हणतो, साधते, पण त्याची रीत आहे. अध्यापक विद्यालयात आम्हांस एक गोष्ट शिकविली. पोराने गणिताचे उत्तर चुकीचे दिले तर लगेच 'चूक' म्हणून पाटीवर फुली मारू नये. आधी विचारावे, "बाळा, हे उत्तर तू कसे काढलेस?" दहांपैकी पाच वेळा कळते की पोराने हिशेब बरोबर केला, पण गणित वाचताना आकडा निराळा वाचला. आणि एखाद्या वेळी कळते की मास्तरांनीच फळ्यावर आकडा चुकीचा लिहिला! मोठ्या माणसांच्या मतांचेही असेच आहे. मताच्या मागे हिशेब असतो. तो विचारल्याशिवाय फुली मारू नये.

आता न बोलण्याची रीत कोणती ते पाहा. पुतण्या म्हणतो, "काकाजी, तुमी वेगळ्या विदर्भाचं घेऊन बसले, तुमाले त्यातलं काई समजते काय?" काका म्हणतो, "तू कालचा पोट्टा, मले शिकवतं? तुह्या बापानंच सोसायटी बुडवली." झाले! विदर्भ राहिला बाजूस, आणि बाप, सोसायटी व जुनी वाटणी मध्ये आली. त्या रात्री दोन्ही घरच्या बायकांची बोलणीही बंद.

आता दुसरी रीत ऐका. "काकाजी, वेगळा विदर्भ काहून पायजे म्हंता, थे मले एकडाव समजावून सांगा." "पाय बाप्पा, पान्याचा पैसा आपल्याकडं आलाच नाई. धरनं तिकडं, कापूस इकडं. अन् मुंबईले कामाले जाचं म्हनलं त रातभर गाडीत." "म्हंजे तुमचं म्हननं असं, का पैसा वाटनारा दूर बसला हाय, म्हनून आपल्याले कमी येते. असंच ना?" "अस्सं! आता तुहं सांग." "माह्यं म्हननं असं, का राज्य लहान झालं त तिजोरीबी लहान होईन. अन् नागपूरवाल्यायनं आपल्या यवतमाळाले इचारलंच नाई, त मंग काय करता?" यावर काका विचारात पडतो. तो आपले मत सोडीत नाही. पण पुतण्या मूर्ख नाही, एवढे त्यास कळते. पुतण्यासही काकाचे दुखणे कळते.

समोरच्याचे म्हणणे आधी आपल्या तोंडाने असे मांडावे की, "होय, मला हेच म्हणावयाचे आहे," असे त्याने म्हणावे. मग आपले उत्तर सुरू करावे. शास्त्री-पंडित यास पूर्वपक्ष म्हणत. त्यांनी ही रीत आपल्या सभांपुरती ठेवली. हत्यार चांगले आहे. ते आपण घ्यावे आणि आपल्या बोलीत वापरावे.

मग दोघांनी मिळून माहिती पाहावी. १९८३ साली सरकारने वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली, तिचे नावच सत्यशोधन समिती. तिने १९८४ साली अहवाल देऊन राज्याचा विकासाचा अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये काढला. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के; आणि विदर्भाची लोकसंख्या राज्याच्या पाव भागाहूनही कमी. हे काकाच्या बाजूने झाले. पण त्याच अहवालात मराठवाड्याचा वाटा सुमारे २४ टक्के व उरलेल्या महाराष्ट्राचा सुमारे ३७ टक्के आहे. म्हणजे तिकडेही कोरडी खेडी आहेत. हे पुतण्याच्या बाजूने झाले. एकच कागद दोघांनी वाचला, तर दोघांचीही बाजू पूर्वीपेक्षा शहाणी होते.

या रीतीचे चार नियम आम्ही सांगतो, ते ध्यानात ठेवावेत.

पहिला नियम: दोघांनी सारख्या बैठकीवर बसावे. एक खाटेवर व दुसरा भुईवर, एकास कपात चहा व दुसऱ्यास निराळ्या ग्लासात, अशा ठिकाणी आदराचे संभाषण होत नाही. तेथे एकाचा हुकूम व दुसऱ्याची हाजी हाजी होते.

दुसरा नियम: जात, घराणे, घरच्या बायका, जुने कर्ज व शरीराचे व्यंग ही पाच वादात आणू नयेत. ज्याच्याजवळ मुद्दा संपला तोच यांच्याकडे धावतो.

तिसरा नियम: मोबाईलवर आलेला मजकूर पुरावा म्हणून फेकू नये. तो कोणी लिहिला, केव्हा लिहिला, कोठला आहे आणि खरा कशावरून, हे चार प्रश्न आधी स्वतःस विचारावेत. उत्तर ठाऊक नसेल तर तसे साफ सांगावे, की हे मी नुसते वाचले आहे, खरे-खोटे मला ठाऊक नाही. असे म्हणणाऱ्याची पत कमी होत नाही, वाढते.

चौथा नियम: वेळ व जागा पाहावी. दारू प्यालेल्या माणसाशी, लग्नाच्या पंगतीत, किंवा चार टवाळ टाळ्या पिटावयास जमले असता राजकीय वाद काढू नये. टाळ्या वाजू लागल्या की माणूस मताकरिता बोलत नाही, अब्रूकरिता बोलतो; आणि अब्रूपुढे खरे-खोटे राहत नाही.

कोणी विचारील, "एवढे सारे केले, तरी समोरच्यास माझे म्हणणे पटलेच नाही, तर काय मिळाले?" बंधूंनो, एका बैठकीत दुसऱ्याचे मत बदलू पाहणे म्हणजे पेरणीच्या दिवशी बोंडे वेचावयास ओटी बांधून जाणे होय. मत बदलेल किंवा बदलणार नाही. पण उद्या सोसायटीत अफरातफर झाली, धुऱ्यावरून रस्ता काढावयाचा झाला, शाळा बंद करण्याचा हुकूम आला, तर ज्याच्याशी बोलणे चालू आहे त्यालाच हाक मारता येते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाही तर आमच्या बोलण्याचा विपरीत अर्थ होईल. आदराने बोला याचा अर्थ अन्याय सोसा असा नव्हे. ज्यांच्या हाती सत्ता असते ते पुष्कळ वेळा म्हणतात, "तुझे म्हणणे ठीक, पण तुझी भाषा बरी नाही," आणि भाषेचा बहाणा करून म्हणणेच उडवून लावतात. जोतीरावांची भाषाही अनेकांस बोचली होती. मुद्दा तिखट असेल तर तो तिखटच बोलावा. मतभेद म्हणजे ऊस लावावा की तूर, हमीभाव पाहिजे की खुला बाजार, विदर्भ वेगळा पाहिजे की नको, असल्या गोष्टींतील भेद. परंतु तू माणूसच नाहीस, तुझी जात हलकी, तुझ्या बाईने सभेत येऊ नये, असे जो म्हणतो त्याचे म्हणणे मत म्हणून तोलण्याचे कारण नाही. त्यास तेथेच, सर्वांसमक्ष, शांतपणे सांगावे की, हे चालणार नाही. तो थांबला तर पुढे बोलावे. न थांबला तर उठावे, आणि गरज पडल्यास कायद्याकडे जावे. तो कायदा आपल्याकरिताच केलेला आहे.

मायबहिणींविषयीही बोलले पाहिजे. पारावर बोलण्याची रीत सांगून आम्ही मोकळे झालो, तर अर्धे गाव सुटून जाईल, कारण पारावर बाया बसत नाहीत. पुष्कळ घरांत मत कोणास द्यावयाचे हे घरधनी ठरवितो व बाकीच्यांस सांगतो. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतींच्या निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. तरी पुष्कळ ठिकाणी सरपंचबाईच्या खुर्चीमागे नवराच बोलतो. ज्यास आपल्या बायकोचे निराळे मत घरात ऐकवत नाही, तो बाहेर विरोधकाचे कसे ऐकणार? घरी भाकरीच्या वेळी एकदा विचारून पाहा, "तुह्यं काय मत हाय?" आणि ती सांगेल तेव्हा मध्ये बोलू नका. नळ कोठे बसावा, दारूचे दुकान असावे की नसावे, याचा हिशेब तिच्याजवळ तुमच्याहून पक्का असतो.

वर्षातून निदान चार ग्रामसभा घ्याव्यात असा कायदा आहे, आणि मुख्य ग्रामसभेपूर्वी बायांची सभा भरवावी असेही त्यात आहे. ग्रामसभेस मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसे, यांपैकी जी संख्या कमी असेल, तेवढी हजर असावी लागतात. तेवढी न जमल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेस ही अट राहत नाही. याचा परिणाम ध्यानात घ्या. "त्याचं थोबाड पाहावं लागते, म्हनून मी जात नाई," असे म्हणून जे घरी बसतात, त्यांच्या मागे दहा माणसे सह्या करून सारे गाव ठरवून मोकळी होतात. रुसून बसणाऱ्याचे मत कोणीच मोजीत नाही.

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा नावाचे गोंड आदिवासींचे लहानसे गाव आहे. तेथील ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय करते. एकाचाही विरोध असला तर विषय पुढे ढकलतात व पुन्हा बसतात. त्यांनी अभ्यासगट काढला. त्यात विषयाची चर्चा व चौकशी होते, निर्णय मात्र ग्रामसभाच घेते. हे काम सावकाश चालते, पण एकदा ठरले की मागून फोडणारा कोणी उरत नाही. याच गावाने २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविला. आपले गाव मोठे, जाती अनेक, पक्ष अनेक. आपल्यास प्रत्येक गोष्टीत सर्वसहमती साधणार नाही. पण ठराव घाईने रेटण्याऐवजी विरोध करणाऱ्यास पुरते बोलू देऊन पुढच्या सभेत निर्णय घेणे, एवढे तर आपल्यास साधेल?

आणि साधते, हे आम्ही मतदानाच्या दिवशी दर वेळी पाहतो. आम्हां शिक्षकांस मतदान केंद्राचे काम असते. पहाटे मतदान सुरू होण्यापूर्वी यंत्राची परीक्षा म्हणून निदान ५० मते टाकून पाहतात. त्या वेळी निरनिराळ्या उमेदवारांचे प्रतिनिधी एकत्र उभे राहून ती मते मोजतात, कागदावर सह्या करतात. मग दिवसभर ते एकाच बाकावर बसतात. एकाचा डबा आला की दुसऱ्यास भाकरी मिळते. संध्याकाळी किती मते पडली त्याच्या हिशेबाची प्रत प्रत्येकाच्या हाती पडते. ती माणसे परस्परविरोधी पक्षांची असतात, एकमेकांवर पाळतही ठेवतात. तरी काम शांतपणे पार पडते, कारण नियम दोघांस सारखा असतो व कागद दोघांसमोर उघडा असतो. जे एका बाकावर बारा तास जमते, ते पारावर अर्धा तास का जमू नये?

आता आमची विनंती. २ ऑक्टोबरची ग्रामसभा जवळ आली आहे. तिला येताना प्रत्येकाने एक काम करून यावे. ज्याच्याशी गेल्या निवडणुकीपासून बोलणे बंद आहे, अशा एका माणसाच्या घरी जावे. माफी मागण्याची गरज नाही, पक्ष सोडण्याचीही नाही. पाण्याच्या टाकीचा, शाळेच्या खोलीचा किंवा पांदण रस्त्याचा जो विषय सभेपुढे आहे, त्यावर त्याचे म्हणणे काय, एवढे विचारावे आणि पूर्ण ऐकून घ्यावे. सभेत हात त्याच्या विरुद्ध वर करावा लागला तर खुशाल करावा. पण त्याचे म्हणणे काय आहे, हे ठाऊक असून करावा.

 ज्यांस आमचे बोलणे पटले नसेल त्यांनी आताच उठून आपली हरकत सांगावी. आम्ही येथेच बसलो आहोत.